दोडामार्गाची वाट बंद झाली तेव्हा

आमच्या सर्वणच्या घरात माळ्यावर एक पत्र्याचा डबा आहे. रंग उडालेला, झाकण जरासे वाकडे. त्यावरची अक्षरे रोमन, पण भाषा ना पोर्तुगीज ना इंग्रजी. लहानपणी मी ती अक्षरे लावून वाचण्याचा प्रयत्न करी आणि दर वेळी अडखळे. पुढे कळले की तो दुधाच्या भुकटीचा डबा, हॉलंडहून आलेला. भुकटी केव्हाच संपली होती. आजी त्यात पुढच्या वर्षाचे कुळथाचे बी राखेत घोळवून ठेवी.

हॉलंडचा डबा सर्वणला कसा आला, हे मी आजीला विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, "दोडामार्गाची वाट बंद झाली होती ना, तेव्हाचा." जणू दोडामार्ग बंद झाला की माणसाने हॉलंडला जाणे ही जगाची रीतच आहे.

आजीच्या त्या एका वाक्यात गोव्याच्या सात वर्षांचा इतिहास आहे. १९५४ ते १९६१ या काळात भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. या नाकेबंदीची राजकीय बाजू पुष्कळदा लिहिली गेली आहे. तिची व्यापाराची बाजू मात्र गप्पांत राहिली, लेखांत फारशी उतरली नाही. आजकाल व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून आपण ऐकतो की मालाची साखळी तुटली की हुशार उद्योजक त्यातून नवी संधी शोधतो. आमच्या डिचोली तालुक्याने ही गोष्ट व्याख्यानात ऐकली नाही, ती अंगावर घेतली. म्हणून संधी कोणाला मिळाली, कशामुळे मिळाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याचा आम्हाला थोडा अधिकार आहे असे मला वाटते.

*

आधी जुनी वाट कशी होती ते पाहू. सर्वण हे डिचोली आणि साखळी या दोन बाजारांच्या मधले गाव. डिचोली, साखळी, पेडणे हा सारा मुलूख पोर्तुगिजांच्या 'नव्या काबिजादी'तला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो त्यांच्या ताब्यात गेला. म्हणून इथली माणसे कागदावर लिस्बनची रयत होती, पण त्यांचे सोयरसंबंध, देवदेवस्की, भजन आणि बाजार सावंतवाडीकडे आणि बेळगावकडे वळलेले. डिचोलीहून दोडामार्ग म्हणजे तीन-चार तासांची पायपीट. तिथून रामघाट चढला की बेळगावचा मुलूख.

या वाटेने घाटावरून भाजी, कांदे, बटाटे, मिरची, डाळी, गूळ, तंबाखू आणि गुरे खाली येत. वर जात ते नारळ, सुपारी, आंबे, सुके मासे आणि मीठ. गोव्याचा स्वतःचा तांदूळ वर्षभर पुरत नसे. उरलेल्या महिन्यांसाठी बाहेरचा तांदूळ लागे आणि तो विकत घ्यायला पैसा लागे. तो पैसा बव्हंशी दोन मार्गांनी येई. एक, कुळागरातला आणि भाटातला माल. दुसरा, मुंबईला कामाला गेलेल्या माणसांच्या मनिऑर्डरी.

ही वाट पूर्वीही अडली होती. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक तह झाला. त्यान्वये १८८० पासून बारा वर्षे गोव्यातल्या मिठावर इंग्रजांची देखरेख आली. पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल वर्षाला चार लाख रुपये मिळत. मिठागरांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांना मात्र त्यातले काही मिळाले नाही. पुष्कळांनी आगरे सोडून मुंबईची वाट धरली. त्याच तहातून मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग झाला आणि १८८८ साली घाटावरच्या रेल्वेला जोडला गेला. एक वाट आवळली, दुसरी उघडली. पण ज्यांची आवळली आणि ज्यांना उघडली ती माणसे एक नव्हती. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा, तो पुढे पुन्हा लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि ब्रह्मी तांदूळ बंद झाला. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या वयस्क माणसांकडून त्या दिवसांतल्या रेशनच्या आणि नाचणीच्या पेजेच्या गोष्टी आपण ऐकल्याच आहेत. त्या वेळी ज्या जपानने आमच्या ताटातला भात अडवला, तोच जपान दहा वर्षांच्या आत आमच्या डोंगरातले दगड विकत घ्यायला येणार होता. इतिहासाला अशी थट्टा करण्याची खोड असते.

*

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत शिरले. पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक माणसे पडली. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी असलेले उरलेसुरले संबंधही तोडले. आगगाडी थांबली. सीमेवरून माल नेण्यास बंदी आली. माणसांना परवान्याशिवाय ये-जा करता येईना. मुंबईहून घरी पैसे पाठवण्यावर निर्बंध आले.

हेतू उघड होता. गोव्याचे पोट आणि खिसा दोन्ही भारतावर अवलंबून आहेत. ते आवळले की पोर्तुगीज सत्ता वाकेल. हिशेब कागदावर चुकीचा नव्हता. पण सालाझार लिस्बनला बसून वेगळा हिशेब करत होता. त्याला गोवा चालवायचा नव्हता, टिकवायचा होता. त्यासाठी तोटा सोसायची त्याची तयारी होती.

मग जमिनीची वाट बंद झाल्यावर समुद्राची आणि आकाशाची वाट उघडण्यात आली. १९५५ मध्ये दाबोळीला विमानतळ उभा राहिला आणि पोर्तुगीज भारताची स्वतःची विमान कंपनी निघाली. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात. मुरगाव बंदरात जहाजे वाढली. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, पाकिस्तानातला तांदूळ, जपानचे सिमेंट, पोर्तुगालची दारू असा माल येऊ लागला. घाटावर चार दिवसांच्या वाटेवर बटाट्याची शेते असताना अर्धे जग वळसा घालून आलेला बटाटा म्हापशाच्या बाजारात दिसू लागला. आमच्या माळ्यावरचा डबा त्याच गर्दीतून आला असणार.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. आजी सांगे की भाजी म्हणून घरात कच्ची पपई, केळफूल, फणसाची कुयरी, तेरे, तायकिळा आणि कुळथाची पिठी एवढेच फिरून फिरून येई. कांदा जपून वापरायचा. रॉकेलची चिमणी जेवण झाले की विझवायची. ही तिच्या भाषेत 'अडचण' होती. तिने तिला कधी मोठे नाव दिले नाही.

पुढे मात्र बाजारात एक विचित्र सुबत्ता आली. आयातीवरची जकात हलकी, परदेशी माल मुबलक. घड्याळे, रेडिओ, नायलॉन, दाढीची पाती, अत्तरे, सोने. ज्या सीमेवरून कांदे आत यायला बंदी होती, त्याच सीमेवरून ही पाती आणि ते सोने रात्री बाहेर जाऊ लागले. बांद्याच्या, दोडामार्गाच्या, सावंतवाडीच्या आणि कारवारच्या जुन्या माणसांना याविषयी मी अधिक सांगायची गरज नाही. तेही एक प्रकारचे उद्योगकौशल्यच होते. व्याख्यानांत ते सांगत नाहीत, एवढेच.

*

पण या सात वर्षांतला खरा मोठा बदल बाजारात नाही, डोंगरात झाला.

डिचोली तालुक्याच्या जमिनीत लोखंड आहे हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ठाऊक झाले होते. पोर्तुगीज सरकारने शेकडो खाणींच्या सनदा वाटल्या होत्या. पण दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यातून फारसे काही निघाले नाही. युद्ध संपल्यावर जपान आणि पश्चिम जर्मनी यांना उद्ध्वस्त कारखाने पुन्हा उभे करायचे होते. त्यांना कच्चे लोखंड हवे होते आणि स्वतःच्या भूमीत ते पुरेसे नव्हते. १९४७ च्या आगेमागे गोव्यातून खनिज बाहेर जाऊ लागले.

१९५१ साली जपानी पोलादवाल्यांनी चौगुले कंपनीशी करार केला. आमच्या शेजारच्या शिरगावच्या खाणीसाठी जपानने यंत्रे द्यायची आणि ती रक्कम खनिजाच्या रूपाने फेडून घ्यायची. युद्धात हरलेल्या जपानने परदेशात घातलेल्या पहिल्या भांडवलांपैकी हे एक. देवी लईराईच्या जत्रेला अग्निदिव्य पाहायला जाणाऱ्या आमच्या लोकांनी त्याच शिरगावात पहिल्यांदा मोठे यांत्रिक फावडे पाहिले.

या करारातली युक्ती साधी होती. रोख पैसा नाही, यंत्रे नाहीत, पण दगड आहे. समोरच्याकडे यंत्रे आहेत, दगड नाही. मग दगडानेच यंत्राचे पैसे फेडायचे. आणि हा करार १९५१ चा, म्हणजे नाकेबंदीच्या तीन वर्षे आधीचा, हे विसरता कामा नये.

दुसरी अनुकूल गोष्ट निसर्गाची. डिचोलीचे लोखंड डोंगरात असले तरी नदीपासून दूर नाही. खाणीतून ट्रकने मांडवीच्या काठावर आणायचे, सारमानससारख्या धक्क्यावर पडावात किंवा बार्जमध्ये ओतायचे आणि भरती-ओहोटीचा हिशेब पाहून मुरगावला न्यायचे. आगगाडीची गरजच नाही. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध येतो आणि लाटांमुळे बार्ज बाहेर काढता येत नाहीत. तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून मांडवीतून जुवारीत शिरायचे आणि आतल्या आत मुरगाव गाठायचे. शेकडो वर्षे तांदूळ, नारळ आणि कौले वाहणारी ही जुनी पाणवाट अचानक जागतिक व्यापाराचा रस्ता झाली.

म्हणजे नाकेबंदीने जी वाट बंद केली, तिच्यावर खनिज अवलंबून नव्हतेच. त्याचा ग्राहक समुद्रापलीकडे, त्याची वाट पाण्याची, त्याची यंत्रे जपानची. उलट, इतर सर्व व्यापार अडल्यामुळे भांडवल, माणसे आणि सरकारी मर्जी सगळे याच एका धंद्याकडे वळले. १९५१ च्या सुमारास निर्यात काही लाख टन होती. १९५४ च्या आसपास ती दहा लाखांच्या घरात गेली आणि १९६१ पर्यंत साठ लाख टनांच्या पुढे पोचली.

धंदा वाढला तशी त्याच्या पोटात नवी कामे जन्मली. शिडाचे पडाव कमी पडू लागले, म्हणून यंत्राचे बार्ज आले. बार्ज बांधायला आणि दुरुस्त करायला गोदी हवी, म्हणून १९५७ साली वास्कोला जहाजबांधणीचा कारखाना निघाला. तोच आजचा गोवा शिपयार्ड. जहाजात खनिज भरायला माणसांचे हात आणि टोपल्या पुरेनात, म्हणून १९५९ मध्ये मुरगावला चौगुल्यांनी यांत्रिक भरणी उभारली. गावोगाव ट्रक आले, ट्रकामागे मेकॅनिक आले, टायरवाले आले, पाट्या रंगवणारे आले. माझ्या वडिलांनी तरुणपणी काही वर्षे सारमानसच्या धक्क्यावर खेपा मोजल्या. त्यांच्या पिढीत शेतकऱ्याच्या मुलाला महिन्याला पगार मिळणे ही नवलाची गोष्ट होती.

*

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, बघा, संकटातून संधी ती हीच. मला एवढ्यावर थांबता येत नाही.

कुळागराचे काय झाले? नारळ, सुपारी आणि आंबा यांचा ग्राहक घाटावर होता. त्याला जपान पर्याय नव्हता. तिकडच्या कोणाला आमची सुपारी नको होती. भाटाचे उत्पन्न पडले. ज्याच्याकडे खाणीची सनद, बार्ज किंवा निदान एक ट्रक होता, त्याला नवी वाट मिळाली. ज्याच्याकडे दोन कुंडे शेत आणि दहा माड होते, त्याला मिळाली ती दुसऱ्याच्या खाणीवरची मजुरी. आजीच्या हिशेबात त्या वर्षांत घराची सुपारी अंगणात पडून राहिली आणि घरातला मोठा मुलगा डोंगराकडे गेला. दोन्ही गोष्टी तिने एकाच सुरात सांगितल्या.

मिठाच्या तहाची आठवण इथे येते. साखळी एका ठिकाणी तुटते आणि दुसऱ्या ठिकाणी जोडली जाते खरी. पण तुटलेल्या टोकाला धरून बसलेला माणूस आपोआप जोडलेल्या टोकाकडे जात नाही. त्याला कोणी तरी न्यावे लागते.

आणि ज्या काळात मुरगावला जहाजे भरत होती, त्याच काळात आग्वादच्या तुरुंगात गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक होते, काहींना पोर्तुगालला नेऊन डांबले होते. बाजारातल्या सुबत्तेने त्या कोठड्या झाकल्या जात नाहीत. नाकेबंदीने सत्ता वाकली नाही. शेवटी १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याला यावे लागले आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

*

अडचणीतून नवे काढण्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. नेपोलियनच्या काळात इंग्रज आरमारामुळे फ्रान्सला वेस्ट इंडीजची उसाची साखर मिळेना, तेव्हा त्याने बीटच्या साखरेला सरकारी पाठबळ दिले. युद्ध संपले, उसाची साखर परत आली, पण बीटचा धंदा युरोपात कायमचा रुजला. बीटमध्ये साखर असते हे जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याआधी अर्धशतकापूर्वीच दाखवून ठेवले होते. नाकेबंदीने शोध लावला नाही; पडून राहिलेला शोध कामाला लावला.

आपल्या जवळचे उदाहरण बेळगावचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर काढला. कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर त्यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. चारच वर्षांत पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशी माल अडला. पण परदेशी अवजारेही अडली. त्यामुळे देशी नांगराला बाजार मोकळा मिळाला. इथेही तेच दिसते. नांगर युद्धाच्या आधीच तयार होता, शेतकऱ्याच्या हातात पोचलाही होता. आधी शेतकरी लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल म्हणून भीत असत. ती भीती घालवण्याचे कष्ट लक्ष्मणरावांनी शांततेच्या काळात केले होते.

शिरगावचा १९५१ चा करार, जर्मनीतले बीट, बेळगावचा नांगर, या तिन्हींवरून मला एकच निष्कर्ष निघताना दिसतो. कोंडी स्वतः काही निर्माण करत नाही. कोंडीच्या आधी ज्याने दुसरी वाट थोडीशी तरी चालून ठेवलेली असते, त्याला ती वाट हमरस्ता होऊन मिळते. ज्याच्याकडे एकच वाट असते, त्याच्या वाट्याला फक्त कोंडी येते.

*

मुक्तीनंतर दोडामार्गाची वाट उघडली. बेळगावची भाजी परत आली आणि हॉलंडचा बटाटा एका हंगामात नाहीसा झाला. तो कोणाला आठवलाही नाही. खनिज मात्र राहिले आणि वाढत गेले.

त्या पैशातून काही चांगलेही उभे राहिले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. १९६२ साली पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी पदवीसाठी गोव्यातल्या मुलाला बेळगाव, धारवाड किंवा मुंबई गाठावी लागे, आणि नाकेबंदीत तेही दुर्घट झाले होते. २४ मार्च १९६२ रोजी चौगुल्यांनीच काढलेले 'गोमन्तक' हे मराठी दैनिक बा. द. सातोस्करांच्या संपादकत्वाखाली निघाले. वर्षानुवर्षे मराठी अक्षरासाठी सीमेकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या घरांत रोज सकाळी मराठी वर्तमानपत्र येऊ लागले. पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर, स्वतः खाणमालक, १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी खेडोपाडी मराठी शाळा उघडल्या. आमची पिढी त्याच शाळांत शिकली. डोंगरातल्या दगडाची थोडी धूळ आमच्या पाटीवरही आहे.

पण एक चूक झाली. नाकेबंदीने आम्हाला शिकवले होते की सगळे एका घाटवाटेवर टाकू नये. आम्ही धडा अर्धाच घेतला. बेळगाववरचे अवलंबन सोडून आम्ही खनिजावरचे अवलंबन धरले. एका दाराऐवजी दुसरे एकच दार. डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांतल्या कित्येक गावांत शेती मागे पडली. खाणी पाण्याच्या पातळीखाली गेल्या तशा विहिरी आटल्या. पावसाळ्यात डोंगराचा लाल गाळ शेतात उतरला. शिरगावात पाण्यासाठी माणसांना न्यायालयापर्यंत जावे लागले. चीनची मागणी वाढली तेव्हा पूर्वी टाकून दिलेल्या हलक्या मालालाही गिऱ्हाईक मिळाले आणि २०१०-११ मध्ये गोव्यातून होणारी निर्यात पाच कोटी टनांच्या घरात गेली. साठ लाखांचे कौतुक करणारी आजी तेव्हा असती तर तिने कोणत्या तोंडाने कौतुक केले असते, मला माहीत नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेवर त्या उघडण्याची मुभा मिळाली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चच्या मध्याला सगळे पुन्हा बंद झाले. या वेळी नाकेबंदी कोणा परक्या सत्तेसाठी नव्हती. आपणच आपल्या डोंगराचे नियम पाळले नाहीत म्हणून होती. आमच्या वाड्यावर ट्रक अंगणात उभे राहिले. टायरांभोवती गवत वाढले, हप्ते मात्र थांबले नाहीत. मांडवीत बार्ज नांगर टाकून गंजत राहिले. सारमानसचा धक्का इतका शांत झाला की पुन्हा बगळे येऊन बसू लागले.

तेव्हा मी पाहिले की जी घरे लवकर सावरली ती मोठी घरे नव्हती. ज्यांनी खाणीच्या पगारातही कुळागर पाण्यावाचून ठेवले नव्हते, पोफळीखाली मिरवेल आणि जायफळ लावून ठेवले होते, घरात दोन म्हशी राखल्या होत्या, ती घरे. मिरवेल काही संकटात सुचलेली नव्हती. ती चांगल्या दिवसांत लावलेली होती. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सीमा मिटल्या आणि घाटावरची भाजी काही दिवस अडली, तेव्हाही पुन्हा त्याच घरांच्या परसातली वाल, चिटकी आणि तांबडी भाजी वाड्यावर फिरली. बंद झालेल्या दोडामार्गाची गोष्ट आम्ही साठ वर्षांनी पुन्हा, लहान प्रमाणात, जगलो.

आता लिलावाने दिलेल्या पट्ट्यांपैकी डिचोलीतल्या पट्ट्यावर २०२४ पासून पुन्हा खनिज निघू लागले आहे. वाड्यावरच्या काही ट्रकांना नवे टायर लागले आहेत. मला त्याचे वाईट वाटत नाही. हप्ते असलेल्या घराचा उसासा मी ऐकलेला आहे. फक्त एवढेच वाटते की या खेपेला ट्रकाच्या पहिल्या पैशातून पोफळीच्या पाटाची दुरुस्ती व्हावी. दार उघडे असतानाच दुसऱ्या दाराला तेल घालायचे असते.

हॉलंडचा डबा अजून माळ्यावर आहे. गेल्या वर्षी झाकण उघडले तेव्हा आत राख होती आणि तळाशी मूठभर कुळीथ. ते बी उगवेल अशी आशा नव्हती, उगवलेही नाही. मग शेजारणीकडून नवे बी आणले, राखेत घोळवले आणि त्याच डब्यात भरून ठेवले.